शेजारच्या गावचा बंब

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रत्येकाने आपापल्या नोकरी-व्यवसायातलं, इतरांना सहसा ठाऊक नसलेलं काहीतरी सांगावं, असं संयोजकांनी कळवलं होतं. माझ्या आधी आपली डॉक्टर मैत्रीण बोलली, मग बँकवाला बोलला. दोघंही छान बोलले. आता अग्निशमन दलातला माणूस उभा राहिला म्हटल्यावर तुम्हाला वाटत असेल, की हा ज्वाळांतून कोणाला तरी उचलून आणल्याची गोष्ट सांगणार. तशा गोष्टी आहेत, पण त्या जेवताना सांगेन. इथे मी तुमच्याशी हद्दीविषयी बोलणार आहे.

भूगोलाच्या बाई समोर बसल्या आहेत. बाई, तुम्ही आमच्याकडून तालुक्याचा नकाशा काढून घ्यायचात आणि हद्दीची रेघ तुटक काढायला सांगायचात. मी ती नेहमी सलग काढायचो आणि तुम्ही लाल शाईने खूण करायचात. पुढे ३६ वर्षं मी त्या तुटक रेघेवरच नोकरी केली.

१९८५ साली मी ठाणे जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत फायरमन म्हणून लागलो. नंतर नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात सब-ऑफिसरचा कोर्स केला आणि २०२१ मध्ये अग्निशमन अधिकारी म्हणून निवृत्त झालो. नगरपालिकेचं नाव घेत नाही, कारण माझ्या हाताखालची मुलं अजून तिथे कामाला आहेत.

आपला हा पट्टा तुमच्या डोळ्यांसमोर आहेच. कल्याणहून कर्जतच्या लोकलमध्ये बसा. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. खिडकीतून बघितलं तर इमारतींची एकच रांग दिसते. पण कल्याण-डोंबिवलीची महापालिका वेगळी, उल्हासनगरची वेगळी. अंबरनाथला नगरपरिषद, कुळगाव-बदलापूरला आणखी एक नगरपरिषद. मध्येमध्ये एमआयडीसीचा भाग, त्याचं स्वतंत्र अग्निशमन केंद्र. ऑर्डनन्स फॅक्टरीची वेगळी व्यवस्था. आणि या सगळ्यांच्या कडेने ग्रामपंचायती, ज्यांच्याकडे बहुतेक ठिकाणी स्वतःचा बंबच नाही. तिकडे भिवंडी तालुक्यात काल्हेर, पूर्णा, दापोडे या बाजूला मैलोन् मैल गोदामं उभी आहेत. ती भिवंडी महापालिकेच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतींच्या जमिनीवर आहेत. तिथे आग लागली की बंब जातो तो कुठल्या तरी शेजाऱ्याचाच.

असं का आहे? १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली. नगरपालिका-महापालिकांकडे सोपवता येतील अशा १८ कामांची ती यादी आहे. रस्ते, पाणीपुरवठा, स्मशानभूमी यांच्याबरोबर अग्निशमन सेवाही त्यात आहे. म्हणजे आपल्याकडे अग्निशमन दल हे मुळात त्या त्या गावाचं असतं. गावाने पैसे द्यायचे, गावाने माणसं नेमायची, गावाने गाडी घ्यायची. यात चांगलंही आहे. आमच्या मुलांना गल्ली न् गल्ली पाठ असते. पण त्यामुळेच गाडीला एक हद्द येते. हद्दीबाहेर जायचं तर वरिष्ठांना विचारायचं, त्याचा वेगळा आकार लावायचा, नोंद वेगळी करायची.

आता थोडं गणित. गणिताचे सर नाहीत आज, तेव्हा धीर होतोय. आमच्या नेहमीच्या बंबात साधारण ४५०० लिटर पाणी असतं. ६३ मिलिमीटरच्या एका होजला ब्रांच लावून पाणी मारलं, तर मिनिटाला ४०० ते ४५० लिटर पाणी जातं. म्हणजे एका ब्रांचवर टाकी दहा-अकरा मिनिटं पुरते आणि दोन ब्रांच लावल्या तर पाच मिनिटं. झोपडीची, दुकानाची, स्वयंपाकघराची आग तेवढ्यात विझते. पण गोदाम पेटलं, केमिकलचा कारखाना पेटला, तर पाच मिनिटांनी तुमचा बंब रिकामा होऊन उभा असतो. मग त्याला पाणी आणून द्यायला दुसरा बंब लागतो, त्याच्यामागे टँकर लागतो. पाण्याची ही साखळी तुटली की आग पुन्हा आपल्या जागी येते. नगरपरिषदेकडे अशा दोन-तीन गाड्या असतात, त्यातली एखादी गॅरेजमध्ये. त्यामुळे मोठी आग कोणतंही लहान गाव एकट्याने विझवू शकत नाही.

मोठ्या शहरालाही ते नेहमी जमतं असं नाही. १४ एप्रिलला आपल्याला आंबेडकर जयंतीची सुट्टी असते. आम्हा अग्निशमनवाल्यांसाठी तो आणखी एका कारणाने मोठा दिवस आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचं जहाज पेटलं. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा, त्याच्याच शेजारी कापसाच्या गासड्या. मुंबईचे जवान होज लावून जहाजावर पाणी मारत होते. दुपारी चारनंतर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. ६६ अग्निशामक गेले. देशातलं इतकं मोठं, इतकं शिकलेलं दल, पण अर्ध्या तासात त्याची फळीच्या फळी नाहीशी झाली. उरलेल्यांच्या जोडीला लष्कराचे आणि नौदलाचे लोक, साधे नागरिक उतरले. त्यांची आठवण म्हणून आपण १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतो. नोकरीत असताना दर वर्षी त्या सकाळी मी माझ्या मुलांना एवढंच सांगायचो, की तुमच्यामागे कोण येणार आहे हे आज ठरवून ठेवा.

शेजाऱ्याने नुसतं येऊनही भागत नाही, हे कळायला जगाला बराच काळ लागला. नागपूरला आम्हाला बाल्टिमोरच्या आगीचं उदाहरण शिकवलं होतं. अमेरिकेतलं हे शहर ७ फेब्रुवारी १९०४ रोजी पेटलं. हाक मारल्याबरोबर शेजारची शहरं धावली. वॉशिंग्टनहून आगगाडीत बंब चढवून पाठवले, फिलाडेल्फियाहून आले, न्यूयॉर्कहून आले. माणसं होती, गाड्या होत्या, पाणीही होतं. पण बाहेरून आलेल्या बऱ्याच होजची कपलिंग बाल्टिमोरच्या हायड्रंटला बसेनात. प्रत्येक शहराने आपापल्या मापाचे आटे पाडलेले. जवळजवळ ३० तास आग चालली आणि १५०० हून अधिक इमारती गेल्या. नंतर मोजदाद केली, तेव्हा त्या देशात कपलिंगचे ६०० हून जास्त प्रकार निघाले. त्यानंतर एकच माप ठरवायला सुरुवात झाली.

इंग्लंडमध्येही तेच झालं. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडायला लागले, तेव्हा तिथे गावोगावची मिळून सुमारे १६०० लहान-मोठी दलं होती. प्रत्येकाची सामग्री वेगळी, हुद्दे वेगळे, हुकुमाचे शब्दही वेगळे. शेवटी ऑगस्ट १९४१ मध्ये ती सगळी मोडून एकच राष्ट्रीय अग्निशमन दल करावं लागलं. युद्ध संपल्यावर दलं पुन्हा स्थानिक झाली. मात्र १९४७ च्या कायद्यात एक गोष्ट घालून ठेवली, ती म्हणजे शेजाऱ्याला कुमक कशी द्यायची याची योजना प्रत्येकाने आधीच करायची.

कॅलिफोर्नियात १९५० साली सबंध राज्याचा परस्पर मदतीचा करार झाला. तरीही १९७० च्या वणव्यांत असं दिसलं, की एकाच आगीवर आलेली वेगवेगळी दलं एकमेकांची भाषा समजत नव्हती. एकाचा सांकेतिक आकडा दुसऱ्याला भलताच अर्थ सांगायचा. त्यातून घटनास्थळी एकच प्रमुख, सगळ्यांची एकच बोली, साधे सरळ शब्द, ही पद्धत निघाली. आज ती जगभर शिकवतात. ॲरिझोनातल्या फिनिक्सने आणि त्याच्या आसपासच्या शहरांनी तर त्यापुढे जाऊन ठरवलं, की वर्दी आली की हद्द बघायचीच नाही. जी गाडी सगळ्यात जवळ ती निघेल. तिथे मदत मागावी लागत नाही.

आपल्याकडे एक सुदैव आहे. होजच्या कपलिंगसाठी भारतीय मानक आहे, आयएस ९०३. ६३ मिलिमीटरचं ते खटकन बसणारं कपलिंग आपल्या दलांत सगळीकडे एकसारखं. माझा होज शेजाऱ्याच्या बंबाला बसतो. बाल्टिमोरने जे भोगलं ते आपल्याला सहसा भोगावं लागत नाही. पण धातूची कपलिंग जुळली म्हणून बाकीचं जुळतं असं नाही. त्याचीच गोष्ट आता सांगतो.

मे महिना होता. रात्री सव्वादहाच्या सुमारास शेजारच्या गावच्या अधिकाऱ्यांचा फोन आला. ते माझ्याहून वयाने मोठे, मी त्यांना दादा म्हणायचो. म्हणाले, “सॉल्व्हंटचा कारखाना पेटलाय. गाडी दे.”

माझ्याकडे कागदावर तीन गाड्या. एक गॅरेजमध्ये, म्हणजे दोनच. मी म्हटलं, “दादा, एक देतो. दुसरी मला ठेवावी लागेल.”

“एकच दे, पण आत्ता दे.”

इथे एक गोष्ट समजून घ्या. बाहेरच्याला वाटतं, मदत द्यायला काय लागतं, मन मोठं हवं. पण गाडी माझी नसते. ती गावाची असते. मी ती पाठवली आणि दहा मिनिटांनी माझ्या गावात चाळ पेटली, तर त्या चाळीतल्या माणसांना मी काय सांगू? की बंब शेजारी गेलाय? आणि पाठवली नाही, आणि शेजारचा कारखाना फुटून मागची वस्ती गेली, तर? या दोन भीतींच्या मध्ये बसून अधिकाऱ्याला एका मिनिटात ठरवायचं असतं. मी गाडी आणि पाच माणसं पाठवली. लगेच पलीकडच्या तिसऱ्या गावाला फोन लावला आणि म्हटलं, “तुमची एक गाडी आमच्या स्टेशनवर आणून उभी करा.” त्यांनी केली. साधारण अर्ध्या तासात त्यांचा बंब आमच्या दारात होता.

मी आमचा एक जुना फायरमन त्यांच्या ड्रायव्हरशेजारी बसवला. पाहुण्या ड्रायव्हरला आपल्या गल्ल्या ठाऊक नसतात. त्याला वाटाड्या द्यायचा, ही आमच्या वरिष्ठांनी लावलेली शिस्त होती.

साडेअकराला दादांनी दुसरी गाडी मागितली. पाहुणा बंब दारात होता म्हणूनच मी ती देऊ शकलो. आणि बाराच्या पुढे आमच्याच गावातली वर्दी आली. बाजारामागच्या जुन्या वाड्यात, पहिल्या मजल्यावर गॅस सिलिंडरने पेट घेतला होता. मुख्य गल्लीत लग्नाचा मांडव. आमच्या फायरमनने पाहुण्या बंबाला मासळी बाजाराच्या बाजूने आत घातलं. जिन्यात धूर भरलेला, म्हणून खिडकीला शिडी लावली. एक आजी आणि दोन नातवंडं खाली उतरवली. आग पंधरा मिनिटांत विझली.

दुसऱ्या दिवशी नगराध्यक्ष भेटायला गेले, तेव्हा आजी म्हणाल्या, “आपल्या बंबाने वाचवलं हो.” त्या बंबावर ठळक अक्षरांत दुसऱ्याच गावचं नाव होतं. पण आजींना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं, आणि कोणी त्यांना सांगायलाही गेलं नाही.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. त्याच रात्री कारखान्यावर गेलेल्या आमच्या पाच जणांतल्या एकाच्या अंगावर छताचे पत्रे कोसळले. खांदा निखळला, हात भाजला. शेजारच्या जवानांनीच त्याला बाहेर ओढून काढलं आणि इस्पितळात नेलं. वय अठ्ठावीस. घरात बायको आणि दीड वर्षाची मुलगी.

पुढे त्याच्या उपचाराच्या खर्चाची फाइल फिरायला लागली. एका टेबलावर प्रश्न आला, की अपघात हद्दीबाहेर झाला, मग तो कर्तव्यावर होता का? दुसऱ्या टेबलाने विचारलं, कोणाच्या लेखी आदेशाने गेला? तिसऱ्याने लिहिलं, ज्यांच्या हद्दीत जखमी झाला त्यांनी खर्च द्यावा. आणि ज्यांच्या हद्दीत जखमी झाला त्यांनी उत्तर दिलं, की तो आमचा कर्मचारी नाही. एकही माणूस मनाने वाईट नव्हता. प्रत्येकजण आपापल्या नियमाला धरून लिहीत होता. आठ महिने गेले. तोवर स्टेशनवरच्या मुलांनी पगारातून वर्गणी काढून औषधं आणली.

शेवटी फाइल सुटली ती आमच्या वॉचरूमच्या नोंदवहीमुळे. ड्यूटीवरच्या मुलाने नीट लिहिलं होतं: दहा वाजून सोळा मिनिटांनी अमुक अधिकाऱ्यांनी दूरध्वनीवरून मदत मागितली, अमुक अधिकाऱ्याच्या हुकमाने दहा अठराला गाडी अमुक पाच जणांसह रवाना. त्या दोन ओळी होत्या म्हणून तो कर्तव्यावर ठरला. त्या मुलाचा हात आजही खांद्याच्या वर पूर्ण जात नाही. तो आता कंट्रोल रूमला बसतो.

मित्रांनो, त्या रात्री शेजारधर्मात काहीही कमी पडलं नाही. तीन गावं एकमेकांसाठी धावली. कमी पडला तो आधी केलेला कागद. एका माणसाच्या हुकमावर, ओळखीवर, फोनवर सगळं चाललं होतं. दादांच्या जागी दुसरा कोणी असता, किंवा माझं त्यांच्याशी पटत नसतं, तर?

म्हणून त्यानंतर आम्ही शेजारची चार दलं एकत्र बसलो आणि दीड पानाचा एक मसुदा केला. त्यातली कलमं अगदी साधी होती. मदत कोणी कोणाकडे मागायची आणि कोण हो म्हणणार, याचे हुद्दे लिहिले, नावं नाहीत. कारण माणसं बदलतात. ज्याच्या हद्दीत आग त्याच्याच अधिकाऱ्याचा हुकूम चालेल, पाहुण्याने आल्याबरोबर त्याच्याकडे हजेरी द्यायची, हे लिहिलं. गाडी दिली की देणाऱ्याच्या स्टेशनवर उभी राहायला तिसऱ्याची गाडी निघेल, हे लिहिलं. बाहेर गेलेला जवान पूर्ण वेळ कर्तव्यावर समजला जाईल आणि त्याची जबाबदारी त्याच्या स्वतःच्या पालिकेची राहील, हे लिहिलं. डिझेल ज्याचं त्याने घालायचं, फोम वापरला तर तेवढा भरून द्यायचा. आणि तीन महिन्यांतून एकदा एकत्र कवायत.

मसुदा सर्वसाधारण सभेपुढे गेला, तेव्हा एका नगरसेवकाने उभं राहून विचारलं, “आपल्या करदात्यांचं डिझेल आपण शेजाऱ्यासाठी का जाळायचं?” काही लोक हसले. पण प्रश्न बरोबर होता. मी जुन्या नोंदवह्या काढल्या. दिलेली मदत एका रकान्यात, घेतलेली दुसऱ्या रकान्यात. घेतलेल्याच्या नोंदी जास्त निघाल्या. ठराव एकमताने झाला.

त्या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे, तीही सांगायला हवी. शेजारी बंब आहेच म्हटल्यावर काही पालिका स्वतःची गाडी घेणं लांबवतात, फायरमनची पदं रिकामी ठेवतात. मग मोठ्या शेजाऱ्याने सतत द्यायचं आणि धाकट्याने सतत घ्यायचं असं होतं. मोठ्याची मुलं थकतात, कुरकुरतात. परस्पर मदत ही स्वतःच्या दलाच्या जागी वापरायची नसते. पहिली दहा मिनिटं प्रत्येक गावाला स्वतःच्याच बळावर काढावी लागतात. शेजारी कितीही भला असला तरी तो रस्त्यावर असतो.

एकत्र कवायतीत काय कळलं? पहिल्याच वेळी कळलं, की आमचे वॉकीटॉकी एकमेकांशी बोलत नाहीत, वेगवेगळ्या लहरींवर आहेत. मग ठरलं, की पाहुण्या पथकाच्या हाती यजमानांनी आपला एक सेट द्यायचा. कळलं, की एका रेल्वे पुलाखालून शेजाऱ्यांचा मोठा टँकर जात नाही. कळलं, की कुठल्या कारखान्याच्या हौदातून पाणी उचलता येतं आणि कुठल्या गेटची किल्ली रात्री कोणाकडे असते. हे सगळं एका कागदावर लिहून प्रत्येक वॉचरूमच्या भिंतीवर लावलं. आणि कवायतीनंतर एकत्र चहा. तुम्ही हसाल, पण धुरात तोंडावर मास्क असताना समोरचा माणूस आपण ओळखतो, याने फार फरक पडतो.

कारखानदारांनी हे आपल्या आधी ओळखलं, हेही सांगायला हवं. १९८४ च्या भोपाळनंतर रासायनिक कारखान्यांच्या आपत्कालीन योजनांसाठी १९८९ आणि १९९६ मध्ये नियम आले. आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यांनी एकत्र येऊन ‘म्युच्युअल एड रिस्पॉन्स ग्रुप’ चालवला. आद्याक्षरं जोडली की होतो ‘मार्ग’. बाजारात एकमेकांचे स्पर्धक असलेले कारखाने आग लागली की एकमेकांना फोम, श्वसनयंत्रं, बंब आणि शिकलेली माणसं देतात. सॉल्व्हंटच्या आगीवर पाण्यापेक्षा फोम लागतो, आणि तो नगरपरिषदेकडे फार नसतो. शेजारच्या कारखान्याकडे असतो.

आणि हद्द बाजूला ठेवून काम कसं होतं, ते आपण २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाहिलं. महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली. गाडी रेल्वेची, नदी कोणाचीच नाही, आजूबाजूला गावं. एनडीआरएफ आलं, नौदल, हवाई दल, लष्कर आलं, स्थानिक लोक आले. हजाराहून जास्त प्रवासी सुखरूप बाहेर निघाले. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मध्ये झाला, त्याने जिल्ह्याच्या पातळीवर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आणलं. एवढी मोठी घटना असली की ही यंत्रणा हलते. पण रोजची आग एवढी मोठी नसते. रात्री सव्वादहाला सॉल्व्हंटचं शेड पेटतं, तेव्हा जिल्हा हलेपर्यंत थांबता येत नाही. तिथे दोन गावांचे दोन अधिकारी आणि भिंतीवरचा तो कागद, एवढंच असतं.

आता माझं मागणं. या सभागृहात नगरसेवक आहेत, कारखानदार आहेत, सोसायट्यांचे सेक्रेटरी आहेत, शिक्षक आहेत. आपल्या बॅचची बरीच माणसं या पट्ट्यात स्थिरावली आहेत.

जे नगरसेवक आहेत, त्यांनी आपल्या पालिकेत एवढंच विचारावं, की शेजारच्या दलाशी आपला लेखी ठराव आहे का, आणि बाहेर गेलेल्या जवानाच्या विम्याचं काय? ज्यांचे कारखाने आहेत, त्यांनी आपल्या भागातल्या परस्पर मदत गटात नाव घालावं, आणि आपल्याकडे कोणतं रसायन किती आहे ते दलाला आधी कळवावं. आत शिरणाऱ्या मुलाला ते ठाऊक असायला हवं. सोसायटीवाल्यांनी गेटसमोर गाड्या लावू देऊ नयेत आणि इमारतीतला हायड्रंट वर्षातून एकदा तरी उघडून बघावा. पाणी येतं का, कपलिंग जागेवर आहे का. पितळ असल्यामुळे ते चोरीला जातं.

आणि सगळ्यांनीच. १०१ ला किंवा ११२ ला फोन लावाल तेव्हा जागा सांगताना हद्दीची खूण सांगा. अमुक फाट्याच्या अलीकडे की पलीकडे, रेल्वेच्या पूर्वेला की पश्चिमेला. फोन शेजारच्या गावच्या केंद्रात लागला तरी तो ठेवू नका, सांगा. आणि तुमच्या दारात दुसऱ्या गावचं नाव लिहिलेला बंब आला, तर ‘आमचा कुठे आहे’ असं त्या मुलांना विचारू नका. वाट दाखवा. तुमचा बंब त्या वेळी कोणाच्या तरी दारात असेल.

पीटीच्या सरांनी आम्हाला रिलेची शर्यत शिकवली. सर म्हणायचे, बॅटन देणाऱ्याने मागून ओरडायचं नाही, घेणाऱ्याचा हात आधीच मागे आलेला असला पाहिजे. सर, नोकरीत मला त्याचा फार उपयोग झाला.

  जेवणानंतर ज्यांना आपल्या सोसायटीचं, कारखान्याचं काही विचारायचं असेल, त्यांनी या. मी वही-पेन घेऊन आलो आहे.